भिंत आतून ओली, कारण बाहेर: नागपूरच्या एका बंगल्याच्या बेसमेंटचं प्रकरण

नागपूरला वर्धा रोडच्या बाजूच्या एका लेआउटमधला बंगला. प्लॉट 40 बाय 60, बांधकाम 2014-15चं, मालक रिटायर्ड शिक्षक, इथे त्यांना काकाजीच म्हणतो. खाली अर्धं बेसमेंट, म्हणजे साडेनऊ फूट उंचीपैकी 7 फूट जमिनीखाली आणि वरचे अडीच फूट बाहेर, त्यात व्हेंटिलेटर. आत जुनी पुस्तकं, दोन लोखंडी कपाटं, काकूंचं शिवणयंत्र आणि नातवंडं आली की खेळायला मोकळी जागा. ऑक्टोबर 2023मध्ये मला बोलावलं तेव्हा मागच्या भिंतीला, खालच्या फरशीपासून साधारण चार फुटांवर, एक आडवी भेग होती, जवळजवळ या कॉलमपासून त्या कॉलमपर्यंत. वरून ओळंबा सोडला तर भिंतीचं पोट मधोमध 28 मिलिमीटर आत आलेलं.

घरात सगळ्यांची तक्रार मात्र ओलीची होती. भेगेबद्दल कोणी फार बोलत नव्हतं, "ती तर प्लास्टरची आहे" असं ठेकेदाराने सांगून ठेवलेलं. 23 सप्टेंबरच्या पहाटे नागपुरात काही तासांत 100 मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी रस्त्यावर आली, ते सगळ्यांना आठवत असेल. या लेआउटमध्ये पूर आला नव्हता. तरीही सकाळी काकाजींच्या बेसमेंटमध्ये घोट्याएवढं पाणी होतं, आणि ते दारातून किंवा जिन्यावरून आलेलं नव्हतं, भिंत आणि फरशीच्या सांध्यातून आलेलं होतं. सोबत आलेला मिस्त्री म्हणाला, "साहेब, पाणी खालून येऊन राहिलं." त्याने पाहिलेलं बरोबरच होतं, फक्त खाली ते कुठून पोचलं हा प्रश्न होता.

ओल पहिल्यांदा 2018च्या पावसाळ्यात दिसली होती. तेव्हा आतून प्लास्टर खरवडून केमिकल मारलेलं सिमेंट कोटिंग झालं. दोन पावसाळ्यांत त्याला पोपडे आले, पांढरं मीठ फुटलं. मग परत कोटिंग, वर पुट्टी, वर महागातला ओल-रोधक पेंट. तेही सुटलं तेव्हा कोणीतरी सल्ला दिला की चार फुटांपर्यंत टाइल्स लावून टाका, म्हणजे दिसणारच नाही. मला हे सगळ्यात जास्त खटकलं. टाइल्सची वरची कड नेमकी भेगेच्या उंचीवर आली, त्यामुळे भेग वाढत होती तरी तीन वर्षं ती टाइलच्या जॉइंटची रेघ समजून सोडून दिली गेली. लोक हे मुद्दाम करत नाहीत, पण बेसमेंटच्या भिंतीवर टाइल्स लावून तुम्ही आपल्याच डोळ्यांवर पट्टी बांधता.

भेग काय सांगते

आधी टाइल्स काढायला लावल्या. काकूंना वाईट वाटलं, टाइल्स त्यांनीच निवडलेल्या होत्या. खालची भिंत मोकळी झाली आणि पूर्ण नकाशा दिसला: मधोमध आडवी भेग, तिच्या दोन्ही टोकांपासून कोपऱ्यांकडे तिरप्या पायऱ्यापायऱ्यांच्या भेगा, विटांच्या जॉइंटमधून चाललेल्या. पाकिटाच्या मागच्या बाजूच्या घड्या असतात ना, अगदी तसं चित्र. हे चित्र दिसलं की एकच अर्थ, भिंतीला बाहेरून आडवा दाब येतोय आणि चारी बाजूंनी धरलेलं पॅनेल मधोमध आत वाकतंय. पाया खचला असता तर भेगा वेगळ्या असत्या, खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरप्या वर जाणाऱ्या, एका टोकाला रुंद दुसऱ्याला बारीक, आणि त्या वरच्या मजल्यावरही दिसल्या असत्या. इथे वर काही नव्हतं. तरी लेव्हल मशीन लावून प्लिंथची, म्हणजे जोत्याची, लेव्हल चारी बाजूंनी तपासली, फरक नगण्य. कॉलमची फुटिंग्ज, म्हणजे खालचे पाये, काळ्या मातीच्या खाली मुरुमात टेकलेली होती, ते काम त्या ठेकेदाराने नीट केलेलं, हेही सांगायला हवं.

नीट नव्हती ती भिंत. मागची आणि डावी बाजू आरसीसी रिटेनिंग वॉल, म्हणजे माती अडवणारी सळई-काँक्रीटची भिंत, नव्हतीच, कॉलमच्या मधे 9 इंची विटांचं बांधकाम, जसं वरच्या मजल्यावर असतं तसंच. 12 फूट अंतरावर कॉलम, मधे साध्या भाजक्या विटा. वर वारा अडवायला ही भिंत पुरते, खाली माती आणि पाणी अडवायला नाही. विटांची भिंत वरून दाबली तर भरपूर भार घेते पण बाजूने वाकवली तर जॉइंट उघडतात, ओढ सोसायची ताकद तिच्यात जवळजवळ नाहीच.

आता आकडा बघा. बाहेर माती 7 फूट म्हणजे 2.1 मीटर. समजा त्या मातीत वरपर्यंत पाणी साचलं, तर फक्त पाण्याचा दाब तळाशी चौरस मीटरला साधारण 2 टन आणि एका मीटर लांबीच्या भिंतीवर एकूण जोर साधारण 2.2 टन. 12 फुटांच्या पॅनेलवर हा जोर 8 टनांच्या आसपास जातो. यात मातीचा स्वतःचा दाब धरलेलाच नाही, फुगण्याचा तर नाहीच. कोणतंही कोटिंग हे 8 टन कमी करत नाही. आतून कोटिंग एकदम पक्कं बसलं तर उलट पाण्याला बाहेर यायची वाट राहत नाही आणि भिंतीमागे पातळी आणखी चढते. ओल थांबली म्हणून घरातले खूश आणि भिंतीवरचा भार जास्त, असं होऊ शकतं.

काळी माती

नागपूरच्या पश्चिम आणि नैऋत्येला खाली बेसॉल्ट आहे, वर त्याचीच झिजून झालेली काळी माती. शाळेत रेगूर म्हणून शिकलो तीच. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं, ते पाणी आपल्या थरांच्या आत ओढून घेतं आणि फुगतं, वाळलं की आकसतं. विदर्भातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा आणि जुलैत त्याच जागी पाय रुततो. शेतासाठी हा गुण, कापसाला ओल धरून ठेवते. घराच्या भिंतीसाठी हाच त्रास.

इथली माती तपासून घेतली. फ्री स्वेल इंडेक्स म्हणजे माती किती फुगते हे बघायची अगदी साधी चाचणी आहे, आयएस 2720 या भारतीय मानकाच्या भाग 40 मध्ये दिलेली: वाळवून चाळलेली 10 ग्रॅम माती एका नळीत रॉकेलमध्ये आणि 10 ग्रॅम दुसऱ्या नळीत डिस्टिल्ड पाण्यात, 24 तास ठेवायची. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. आपल्याकडे रॉकेलमध्ये 11 मिलिलिटर आणि पाण्यात 23 मिलिलिटर आलं, म्हणजे 11वर 12ची वाढ, 109 टक्के. आयएस 1498 प्रमाणे 100 ते 200 म्हणजे फुगण्याचं प्रमाण जास्त. अशी माती प्रयोगशाळेत कोंडून ठेवून भिजवली तर तिचा दाब चौरस मीटरला 10 टनांच्या वरही जाऊ शकतो. प्रत्यक्ष भिंतीवर तेवढा येत नाही कारण माती वरच्या बाजूला मोकळी फुगते, पण थोडा भागही 9 इंची विटेला भारी आहे.

आणि हे एका पावसाळ्यात होत नाही, म्हणूनच लक्षात येत नाही. उन्हाळ्यात नागपूरचा पारा 45च्या आसपास असतो, भिंतीलगतची माती आकसून भिंतीपासून सुटते, बोटभर फट पडते. त्या फटीत वर्षभर झाडून लोटलेली रेती, पेव्हर ब्लॉकखालची कच, सुकलेली पानं पडत राहतात. जूनचा पहिला जोरदार पाऊस आला की पाणी वरून हळूहळू मुरत नाही, त्या फटीतून सरळ सात फूट खाली उतरतं. मग माती फुगते आणि पूर्वीच्या जागेवर यायला बघते, पण फट आता भरलेली असते, मागे जागा नाही, म्हणून ती भिंतीला ढकलते. भिंत एकदा 3-4 मिलिमीटर आत आली की माती आकसल्यावर परत बाहेर जात नाही. पुढच्या उन्हाळ्यात परत फट, परत कचरा, परत ढकलणं. या घराचे आठ-नऊ पावसाळे धरले तर 28 मिलिमीटर कसे झाले हे वेगळं सांगावं लागत नाही.

पाणी कुठून

भिंतीमागे एक खड्डा खणून पाहिला, भिंतीपासून दोन फूट सोडून, पाया उघडा न पाडता. खणलेली काळी मातीच परत भरलेली, ती पण न दाबता, आत फुटक्या विटा, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, सेंटरिंगच्या कुजलेल्या फळ्या. पाऊस थांबून बरेच दिवस झाले होते तरी चार फुटांवर पाणी लागलं. हे भूजल नाही, शेजारच्या विहिरीत पाणी बरंच खाली होतं. काय होतं की मूळची काळी माती पाणी जवळजवळ झिरपू देत नाही, आणि घरासाठी खणलेल्या खड्ड्यात भरलेली माती सैल असते, त्यामुळे वरून आलेलं पाणी घर आणि मूळ जमीन यांच्या मधल्या त्या पट्ट्यात उतरतं आणि तिथेच अडकून राहतं. आपण स्वतःच बेसमेंटच्या भोवती पाणी साठवायची जागा करून ठेवतो.

आता त्यात पाणी टाकतं कोण. टेरेस 1200 चौरस फूट, म्हणजे 111 चौरस मीटर. 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे 11,000 लिटर पाणी, एका रात्रीत. टेरेसचं पाणी उतरवणारे मागचे दोन्ही पाइप जमिनीपाशी संपलेले, भिंतीपासून फूटभर अंतरावर, खाली एक शाहबादी तुकडा ठेवलेला. शिवाय एका पाइपला फाटा काढून रेन वॉटर हार्वेस्टिंगचा खड्डा, भिंतीपासून पाच फुटांवर. काकाजींनी तो मनापासून केलेला, खडी-रेतीचे थर भरून, दरवर्षी स्वतः साफ करतात. पण तो खड्डा काळ्या मातीतच संपतो, मुरुमापर्यंत जातच नाही, मग पाणी जमिनीत जाणार कुठून, ते सैल भरावाकडे वळतं. जलपुनर्भरण चांगलंच आहे, मी प्रत्येकाला करा म्हणून सांगतो, पण ते बेसमेंटच्या कुशीत नको आणि काळी माती फोडून खालच्या झिरपणाऱ्या थरात नेल्याशिवाय नको. भर म्हणून भिंतीलगत काकूंची फुलझाडं, रोज संध्याकाळी नळीने पाणी, आणि पेव्हर ब्लॉक बसून त्यांचा उतार घराकडेच झालेला.

घरातली नळाची लाइन गळत नाही ना हे रात्री सगळे नळ बंद करून मीटर बघून तपासलं, मीटर हललं नाही. मग मागच्या पाइपांना तात्पुरते पीव्हीसी पाइप जोडून पाणी पुढच्या गटारात सोडलं. ओल कमी झाली, पण पावसाळाही संपत आलेला, त्यामुळे पाइपमुळेच झालं असं म्हणणं घाईचं ठरलं असतं. म्हणून आतून भिंतीला टेके लावून झाल्यावर जोडलेला पाइप काढला आणि टँकरचं 5,000 लिटर पाणी टेरेसवर सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कोपऱ्यात सांधा ओला, फरशीवर पाणी. काकाजी बराच वेळ बघत उभे राहिले. एवढी वर्षं पैसे भिंतीच्या आतल्या बाजूला जात होते आणि कारण बाहेर पाइपाच्या तोंडाशी होतं.

काय केलं आणि कोणत्या क्रमाने

क्रम महत्त्वाचा, कारण इथे लोक घाईने जेसीबी बोलावतात. वाकलेल्या भिंतीजवळ जेसीबी उभा केला तर त्याच्या वजनानेच भिंत आत यायची. म्हणून पहिल्याच आठवड्यात आतून लोखंडी चॅनेल उभे केले, चार-चार फुटांवर, खाली फरशीच्या बीमला आणि वर प्लिंथच्या बीमला बोल्टने धरलेले. भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या, भिंत हलली तर काच तडकते, या स्वस्त उपायाइतका भरवशाचा माणूस नाही. मग गच्चीचं सगळं पाणी बंद पाइपातून पुढच्या पावसाळी गटारात. हार्वेस्टिंगचा खड्डा बंद करून पुढच्या कोपऱ्यात नवा, फिल्टर लावून बोअरने काळी माती ओलांडून खाली नेलेला. या दोन कामांचा खर्च हजारांत होता, पुढचा सगळा लाखांत गेला.

काकाजींचा मुलगा न्यू जर्सीला आहे. तिकडे घराखाली बेसमेंट असणं अगदी सामान्य, त्याने सुचवलं की तिकडे भिंतीवर कार्बन फायबरच्या पट्ट्या लावतात, इथेही लावू. चांगला प्रश्न होता. तिकडे त्या पट्ट्या सहसा काँक्रीटच्या किंवा काँक्रीट ब्लॉकच्या, थोड्याच वाकलेल्या भिंतींना लावतात, आणि पाण्याचा बंदोबस्त वेगळा करावाच लागतो. तिथल्या निवासी बांधकामाच्या कोडमध्येच आहे की घरापासून पहिल्या 10 फुटांत जमीन 6 इंच उतरती हवी. आपल्या या भिंतीच्या विटा मिठाने वरून भुसभुशीत झालेल्या, पट्टी विटेला चिकटली तरी विटेचा पापुद्राच सुटून आला असता. म्हणून आतून नवी आरसीसी भिंत ठरवली, 6 इंच जाडीची, सळया कॉलममध्ये आणि खालच्या-वरच्या बीममध्ये केमिकलने अँकर केलेल्या, कॉलमही त्या भारासाठी तपासून घेतले. खोली तेवढी लहान झाली, त्याला इलाज नव्हता.

बाहेरचं काम फेब्रुवारी ते एप्रिल 2024, माती कोरडी असताना. एकाच वेळी पूर्ण लांबी उघडायची नाही, एक पॅनेल उघडायचं, शेजारचं तसंच ठेवायचं, माणसं लावून खणायचं. भिंतीपासून 1 मीटर रुंदीची सगळी काळी माती आणि तो कचरा काढला, फुटिंगच्या वरच थांबलो. भिंतीला बाहेरून प्लास्टर, पाणी अडवणारं मेम्ब्रेन, त्यावर पाणी खाली उतरवणारी ड्रेन शीट. तळाशी, बेसमेंटच्या फरशीच्या पातळीखाली, भोकांचा 110 मिमी पाइप, जिओटेक्स्टाइल, म्हणजे माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड, गुंडाळलेला, 20 एमएम गिट्टीत बसवलेला, 100 फुटांना 1 फूट उतार देऊन मागच्या कोपऱ्यातल्या खोल चेंबरमध्ये नेला. चेंबरमध्ये फ्लोट स्विचचा, म्हणजे पाणी चढलं की आपोआप सुरू होणारा पंप, आणि तो इनव्हर्टरवर, कारण नागपुरात जोराचा पाऊस आणि लाइट जाणं हे सोबतच होतं.

भरावासाठी मुरूम, 8-8 इंचांचे थर, पाणी मारून दाबून. मिस्त्री म्हणाला काढलेली माती फुकट आहे, तीच टाकू. तिथे मी हटलो नाही. फुगणाऱ्या मातीला न फुगणाऱ्या, थोड्या चिकट मुरुमाचा थर देऊन आवरता येतं हे प्रा. आर. के. कट्टी यांनी आयआयटी मुंबईत दाखवून दिलंय, कालव्यांच्या अस्तरामागे ते वापरलंही गेलं. आपल्याच मातीवर, आपल्याच माणसांनी केलेलं हे काम, आणि आपल्याच बंगल्यांच्या मागे कोणी वापरत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. सगळ्यात वर चार फूट रुंद काँक्रीटचा पट्टा, उतार घरापासून लांब, भिंतीच्या कडेला सीलंट, म्हणजे ती उन्हाळ्यातली फट उघडली तरी पाण्याला तोंड मिळत नाही. फुलझाडं कंपाउंडच्या कडेला गेली, काकूंनी जागा स्वतः आखून घेतली.

त्यानंतरचे दोन पावसाळे, 2024 आणि 2025, भिंत कोरडी. आरसीसी भिंतीवर मोजायला खुणा करून ठेवल्यात, हालचाल नाही. चेंबरचा पंप जुलै-ऑगस्टमध्ये चालतो, म्हणजे बाहेर पाणी येतंच, फक्त साचत नाही. डावीकडच्या मागच्या कोपऱ्यात जुन्या कॉलमच्या काँक्रीटमध्ये पोकळी होती, तिथे ग्राउटिंग केलं, म्हणजे पातळ सिमेंट दाबून भरलं, तरी मोठ्या पावसानंतर हाताला गारवा लागतो, ते परत उघडून बघायचं ठरलंय.

राहिलेली अडचण शेजारच्या रिकाम्या प्लॉटची. तिथे बांधकाम सुरू होतंय आणि मालकाने भराव टाकून जमीन दीड फूट उचलली, त्यामुळे त्याच्या प्लॉटचं पाणी आता काकाजींच्या कंपाउंडकडे उतरतं. दोघांना बसवून बोललो, त्याच्या आर्किटेक्टला नकाशावर दाखवलं. त्याच्या बाजूने कंपाउंडलगत 9 इंच रुंद नाली काढून रस्त्याच्या गटारात सोडायची असं ठरलंय, खर्च अर्धा-अर्धा. त्याचंही बेसमेंट आहे, आणि मागची भिंत त्याने विटेची धरलेली होती, ती आता आरसीसी करायला त्याचा डिझायनर तयार झालाय. नाली जूनच्या आत व्हायला हवी.